सोसायटीचं दप्तर संगणकात चाललंय. आपली बाकी आधी तपासून घ्या

छत्रपती संभाजीनगर : शेतकऱ्यांचा मोर्चा म्हटलं की क्रांती चौक ठरलेला. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोडकडची माणसं शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ जमतात आणि तिथून पैठण गेट, गुलमंडीमार्गे विभागीय आयुक्तालयाकडे निघतात. मागण्या वेगवेगळ्या असल्या तरी एक घोषणा नेहमीची असते, सातबारा कोरा करा. मुख्यमंत्र्यांनी ३० ऑक्टोबर २०२५ ला सांगितलं, की कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पूर्वी घेऊ. तेव्हापासून गावोगावी पारावर हाच विषय आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. कर्जमाफीची घोषणा मुंबईत होते, मागणी क्रांती चौकात होते, आणि कुणाला किती मिळणार हे मात्र बँकेच्या आणि गावातल्या विकास सोसायटीच्या दप्तरावरून ठरतं. नाव, खाते नंबर, मुद्दल, व्याज, कर्ज उचलल्याची तारीख, भरल्याची तारीख, हे सगळं तिथूनच वर जातं. आणि नेमकं तेच दप्तर सध्या जागा बदलतंय. वहीतून संगणकात चाललंय.

नेमकं काय चाललंय?

केंद्र सरकारने २९ जून २०२२ ला देशातल्या ६३ हजार प्राथमिक शेती पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये. पुढे सोसायट्यांची संख्या आणि खर्च दोन्ही वाढले. महाराष्ट्रात सुमारे २१ हजार सोसायट्या आहेत, त्यातल्या साधारण १२ हजार या योजनेत घेतल्या गेल्या. काम नाबार्डच्या देखरेखीखाली चालतं. २४ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी १८ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाचं उद्घाटन केलं.

यात सगळ्या सोसायट्यांना एकच सॉफ्टवेअर दिलंय. त्याला ईआरपी म्हणतात. कर्ज, ठेव, शेअर्स, खत दुकान, गोदाम, पगार, हिशोब, सगळं एकाच ठिकाणी. मोठे कारखाने आणि कंपन्या असली यंत्रणा कितीतरी वर्षं वापरतात. फायदा खरा आहे. वर्षभराचा हिशोब एका दिवसात दिसतो, जिल्हा बँकेला सोसायटीची स्थिती कळते, ऑडिट लवकर होतं. सोसायटीला कर्जाशिवाय दुसरे धंदे करायचे असतील तर असा हिशोब लागतोच.

म्हणजे संगणक नको असं कुणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे, की जुन्या वहीतली बाकी नव्या संगणकात बरोबर उतरतेय का, आणि ती बरोबर उतरली हे कोण तपासतंय?

वही उतरवणं म्हणजे नुसतं टायपिंग नाही

सोसायटीचं दप्तर कसं असतं ते सभासदाला माहीत आहे. रोजच्या व्यवहाराची किर्द, प्रत्येकाच्या नावाची खतावणी, वर्षअखेरची तेरीज, कर्जवाटपाआधीचं क. म. पत्रक, जमिनीवरचा इ करार. एका गटसचिवाकडे दोन-तीन गावं, कुठे त्याहून जास्त. वर्षानुवर्षांच्या नोंदी, तीन-चार सचिवांची अक्षरं, मधेच फाटलेली पानं.

वहीचा कारभार सचिवाच्या डोक्यातल्या माहितीवरही चालायचा. खतावणीत ज्ञानोबा आहे, आधारवर ज्ञानेश्वर आहे, सातबारावर अजून वडिलांचंच नाव आहे, पण माणूस एकच, हे सचिवाला ठाऊक असतं. संगणकाला ते ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने हे तीन माणसं आहेत, नाहीतर एकही नाही.

तारखेचंही तसंच. पीक कर्ज मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंत केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. समजा एखाद्याने १ लाख रुपये उचलले आणि २९ मार्चला भरले. उतरवून घेताना भरणा २ एप्रिलला पडला. चार दिवसांचा फरक. पण संगणक त्याला थकबाकीदार धरणार. व्याज सवलत गेली, पुढच्या कर्जाला अडचण आली, आणि उद्या नियमित फेडणाऱ्यांसाठी काही प्रोत्साहन जाहीर झालं तर त्या यादीतूनही नाव गेलं. चूक दुसऱ्याची, भुर्दंड आपल्याला.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे अनिष्ट तफावत. हा शब्द सोसायटीच्या सभेत ऐकला असेल. समजा जिल्हा बँक म्हणते, तुमच्या सोसायटीकडे आमचे १ कोटी येणं आहे. आणि सोसायटीच्या खतावणीत सगळ्या सभासदांकडची बाकी मिळवली तर ८० लाखच भरते. मधले २० लाख ही तफावत. ती वसुली न भरल्यामुळे असेल, व्याजाच्या हिशोबातून असेल, जुन्या घोळातून असेल. संगणक ही तफावत मिटवत नाही. आकडे जुळवायच्या घाईत ती सभासदांच्या खात्यावर वाटली गेली, तर मात्र ज्याचा संबंध नाही त्याच्या नावावर बाकी चढेल. म्हणून आधी तफावतीचा निकाल ऑडिटरकडून लावायचा, मग दप्तर उतरवायचं. हा क्रम उलटा होता कामा नये.

सातबाऱ्याचा अनुभव विसरू नका

हे आपल्याकडे पहिल्यांदा होत नाही. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात आले तेव्हा काय झालं ते आठवा. कुणाचं क्षेत्र कमी, कुणाचं नाव गायब, कुणाच्या इतर हक्कात फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच. ई-फेरफार आणताना सरकारला चुका दुरुस्तीसाठी आधी एडिट आणि मग री-एडिट अशी दोनदा सोय करावी लागली. त्यातून सुटलेल्या चुकांसाठी कलम १५५ चा अर्ज घेऊन आजही लोक तहसीलला जातात.

पण त्याच कामात एक चांगली गोष्ट झाली. २०१७ ला चावडी वाचन झालं. तलाठ्याने गावात बसून सातबारे वाचून दाखवायचे, लोकांनी ऐकायचं आणि चूक सांगायची. ज्या गावात लोक जाऊन बसले तिथे चुका तिथल्या तिथे सापडल्या. जमीन कुणाची हे गावालाच पक्कं माहीत असतं. बाकीचंही तसंच आहे.

कर्जमाफीचा अनुभवही हेच सांगतो. जून २०१७ ला ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. शेतकऱ्यांनी रांगा लावून ऑनलाइन अर्ज भरले, बँकांनी वेगळी माहिती भरली. ऑक्टोबरमध्ये दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली आणि मग कळलं, की अर्जातली माहिती आणि बँकेची माहिती जुळत नाही. याद्या परत तपासायला घेतल्या, पैसे लांबले. डिसेंबर २०१९ ला जाहीर झालेल्या पुढच्या कर्जमाफीत पद्धत बदलली. यादी आधी गावात लावली, शेतकऱ्याने आधार लावून रक्कम बघायची, मान्य असेल तर हो म्हणायचं, नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार करायची. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी आली. आकडा आधी शेतकऱ्याला दाखवला, मुख्य फरक हा होता.

मोठ्या बँकांचंही असंच फसतं

खेड्यातल्या सोसायटीचंच असं होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये टीएसबी नावाची मोठी बँक आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने ५० लाखांहून जास्त ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारी जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत नेली. सोमवारी लोकांना आपलं खातं उघडेना, काहींना दुसऱ्याचीच खाती दिसली. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. पुढे २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. बँकेकडे पैसा होता, तज्ज्ञ होते. चूक अशी झाली, की पुरती चाचणी न करता सगळं एकाच वेळी हलवलं.

आपल्याकडे ३१ जुलै २०२४ ला लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाला. सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय, एटीएमचे व्यवहार काही काळ बंद ठेवावे लागले. म्हणून नवी यंत्रणा कितीही चांगली असली तरी दप्तराची वेगळी प्रत हाताशी लागते.

मग नियोजन कसं पाहिजे?

पहिली गोष्ट, वेळ. सोसायटीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून त्या दिवसाची बाकी धरून नव्या यंत्रणेत जाणं सोयीचं. पण एप्रिल ते जुलै हा खरिपाच्या कर्जवाटपाचा काळ. सचिव तेव्हा मान वर काढत नाही. चाचणी, नावं जुळवणं, आधार-सातबारा तपासणं ही कामं त्याआधी, हिवाळ्यातच उरकली पाहिजेत.

दुसरी, क्रम. तालुक्यात ज्या सोसायटीचं ऑडिट पूर्ण आहे, तफावत नाही, ती आधी घ्यावी. तिथे काय चुकलं ते बघून पुढच्या गावाला जावं. एकाच महिन्यात सगळा तालुका पूर्ण दाखवायचा म्हटलं की घोळ होणारच.

तिसरी, काही महिने वही आणि संगणक दोन्ही चालवणे. दर महिन्याला दोन्हीची तेरीज जुळवायची. जुळली की वही बंद. यात सचिवाचं काम दुप्पट होतं, हे मान्य करून त्याला मदतनीस आणि मोबदला दिला पाहिजे. आधीच दोन-तीन गावं सांभाळणाऱ्या माणसावर हे फुकटात टाकलं तर नोंदी घाईतच होणार.

चौथी, वीज आणि नेटवर्क. सोयगाव, कन्नडच्या डोंगराकडच्या गावांत रेंज जाते-येते. दिवसअखेर छापील पान काढून फाईलला लावायची सवय पाहिजे. आणि जुन्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. वाद झाला तर पुरावा तोच.

सभासदाने काय करायचं?

सगळ्यात सोपं काम आपल्याच हातात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ नुसार सभासदाला आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सोसायटीत जाऊन मोफत बघता येतात. लेखी मागणी करून आणि फी भरून नक्कलही मिळते. कुणाच्या ओळखीची गरज नाही.

सोसायटीत गेलात की या गोष्टी बघा :

• नाव आधारवर आहे तसंच आहे का. वडील वारले असतील तर खातं कुणाच्या नावावर दाखवलंय.
• मुद्दल आणि व्याज वेगवेगळं लिहिलंय का, की एकच गोळाबेरीज आहे.
• कर्ज उचलल्याची आणि भरल्याची तारीख तुमच्या पावतीशी जुळते का.
• कर्जातून कापलेली शेअर्सची रक्कम पूर्ण दिसते का. जुने शेअर्स उतरवताना हमखास राहतात.
• दुसऱ्याला जामीन राहिला असाल तर ते खातं फिटलंय का.
• कर्ज फेडलं असेल तर सातबाऱ्यावरचा बोजा उतरलाय का.

चूक दिसली तर तोंडी सांगून घरी येऊ नका. सोसायटीच्या नावाने साधा अर्ज लिहा, पावतीची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात द्या. मोबाईलवर पावत्यांचे फोटो काढून ठेवा. कागद उंदीर खातो, पावसाने भिजतो, फोटो राहतो.

आणि चेअरमन, संचालकांना एक विनंती. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्यावीच लागते. पण तोवर थांबायचं कारण नाही. संगणकात आकडे पक्के करायच्या आधी गावात एक दिवस ठेवा. मारुतीच्या पारावर म्हणा, समाज मंदिरात म्हणा. प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्याची छापील चिठ्ठी द्या, सही घ्या. सगळ्यांची बाकी मोठ्याने वाचायची गरज नाही, ती ज्याची त्याची खासगी बाब आहे. ज्याचा आकडा त्याला दिसला की पुरे. जो आला नाही त्याच्या घरी चिठ्ठी पोचवा.

कर्जमाफी किती आणि कुणाला, हे सरकार ठरवेल. त्यासाठी क्रांती चौकात जायचं तर जरूर जा. पण त्याआधी एक चक्कर गावातल्या सोसायटीत मारा. माफीची यादी येईल तेव्हा त्यात चुकलेलं नाव दुरुस्त करायला शहराचे हेलपाटे पडतील. आज तेच काम सचिवासमोर बसून अर्ध्या तासात होतं.