जुन्या स्नोमोबाईलची वीज

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांत असतात. त्यांनीं १९७५ च्या सुमाराची एक जुनी स्नोमोबाईल घेतली आहे. ती चालतां चालतां बंद पडते आणि तिचे दिवे वरचेवर जळतात. कोणा मित्रानें सल्ला दिला कीं, इंजिन थांबविण्याच्या बटणाची तारच कापून टाक, म्हणजे कटकट मिटेल. “हें करूं द्यावें काय?” असा मातोश्रींचा प्रश्न आहे. आमचें उत्तर असें कीं, तार सोडवून पाहावी. कापूं मात्र नये.

पुढें दोन स्की, मागें रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलीसारखी बैठक, असें हें बर्फावरचें वाहन. क्यूबेक प्रांतांतील व्हॅलकोर्टचे जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिंवाळ्यांत, बर्फामुळें इस्पितळांत नेतां न आल्यानें दगावला. पुढें १९३७ सालीं त्यांनीं सात माणसें नेणारें बर्फावरील वाहन सिद्ध केलें. लहान ‘स्की-डू’ १९५९ मध्यें निघाली. पारा शून्याखालीं तीस अंशांवर उतरला असतां गोठलेल्या सरोवराच्या मध्यावर इंजिन बंद पडणें ही अजूनहि थट्टेची गोष्ट नव्हे. मातोश्रींची काळजी रास्तच आहे.

या जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांत बॅटरी नसते. दोरी ओढली कीं चुंबक बसविलेलें जड चाक तारेच्या वेटोळ्यांभोंवतीं फिरतें व वीज उत्पन्न होते. एक वेटोळें ठिणगीकरितां, दुसरें दिव्यांकरितां. तेव्हां इंजिन बंद पडणें आणि दिवे जळणें हे बहुधा दोन निरनिराळे रोग आहेत. एकाच औषधाची अपेक्षा धरूं नये.

प्रथम ठिणगी. स्पार्क प्लग काढून, टोपी तशीच ठेवून, त्याचें धातूचें अंग इंजिनास टेकवावें व दोरी ओढावी. जवळपास पेट्रोलची वाफ नसावी. ठिणगी न दिसल्यास बटणाच्या तारेचा जोड इंजिनाजवळ सोडवून पुन्हां पाहावें. गंमत अशी कीं, अशा बहुतेक यंत्रांत तें बटण वीज तोडीत नाहीं. तिला सांगाड्यांत वळवून देतें. म्हणून ती तार कोठें घासून उघडी पडली व धातूस टेकली, तर बटण न दाबतांच इंजिन थांबतें. जोड सोडवितांच ठिणगी परतली, तर इंजिन निर्दोष समजावें. दोष बटणांत, नाहीं तर तारेंत. उन्हाळ्यांत पडून राहिलेल्या गाडींत उंदरांनीं तारा कुरतडणें आणि ओलीनें जोड हिरवे पडणें हें नेहमींचेंच. महाग सुटे भाग मागविण्यापूर्वीं खरकागद हातीं घ्यावा.

आतां तार कां कापूं नये? अनेक गाड्यांत त्याच तारेवर आणखी एक चावी असते. कार्ब्युरेटर बर्फानें अडकून उघडा राहिला, तर ती आपोआप इंजिन थांबविते. तार कापली कीं हा पहारेकरीहि गेला; मग वेग सोडूनहि गाडी धांवतच राहते आणि हाताशीं ब्रेकावांचून कांहीं उरत नाहीं. असा सल्ला देणाऱ्या मित्रास आधीं स्वतः त्या गाडीवर बसवावें!

इंजिन गरम झाल्यावरच ठिणगी जात असेल, तर मात्र वेटोळ्याचा संशय घ्यावा. तपासणीहि गरम असतांनाच करावी. थंड वेटोळें पुष्कळदां साळसूद असतें.

दिव्यांची गोष्ट थोडक्यांत. इंजिनाच्या वेगाबरोबर विजेचा दाब वाढतो, तो आवरण्यास रेग्युलेटर असतो. त्याचें बूड गंजलें वा रंगाखालीं झांकलें गेलें, तर तो निरुपयोगी होतो आणि दिवे एकामागून एक जातात. बूड घासून घट्ट बसवावें. मग वेग वाढवून मीटरवर दाब पाहावा. तो चौदा व्होल्टांच्या फार वर चढला, तर रेग्युलेटर बदलावा.

सर्व तारा परत जोडल्यावर गाडी उघड्यावर उभी करून इंजिन गरम होऊं द्यावें आणि हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहावें. तें कोणत्या वळणावर थांबलें, हें चिरंजीवांनीं आम्हांस कळवावें; तार कोठें ताणली जाते तें त्यावरून सांगतां येईल.