पेपर पाठवल्याची पावती आणि पेशंटची गोळी

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ तुमच्या फोनवर हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी येत असेल. कधी एखाद्या काढ्याबद्दल, कधी नव्या गोळीबद्दल. खाली लिंक असते. लिंक उघडली की खरोखरच एक शोधनिबंध दिसतो: वर डॉक्टरांची नावे, कॉलेजचे नाव, खाली तक्ते आणि आलेख. पेशंट त्याची प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवतात आणि विचारतात, ‘‘डॉक्टर, जर्नलमध्ये आलंय. मग खोटं कसं असेल?’’

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर माझ्याआधी आपल्याकडे वैद्यकीय शिक्षणाचे नियम करणाऱ्यांनी द्यायला हवे. कारण असे निबंध लिहून घेण्यात त्या नियमांचा वाटा मोठा आहे.

आधी नीट केलेले काम कसे असते ते पाहू. समजा, एखादे औषध कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवते का, हे काचेच्या बशीत तपासायचे आहे. प्रश्न आधी ठरतो. किती नमुने लागतील हे संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून, काम सुरू होण्यापूर्वी ठरवायचे. तुलनेसाठी पेशींचा दुसरा गट हवा आणि औषध सोडून त्याला बाकी सगळे तसेच मिळायला हवे. हीच चाचणी माणसांवर असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि पहिला पेशंट दाखल होण्यापूर्वी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद. ही नोंद महत्त्वाची, कारण निकाल पाहून मागाहून प्रश्न बदलायची वाट ती बंद करते.

मग लिखाण. सवयीचे लोक ‘पद्धती’ आणि ‘निष्कर्ष’ आधी लिहितात, प्रस्तावना आणि सारांश शेवटी. पद्धती अशा लिहायच्या की दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेला तोच प्रयोग जसाच्या तसा करता यावा. लेखक म्हणून नाव कोणाचे घालायचे याचेही आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. कामात खरा वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि उद्या कोणी जाब विचारला तर उत्तर द्यायची तयारी. चारही हवेत. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालणे यात बसत नाही, आणि आपल्याकडे नेमके तेच सर्रास चालते.

त्यानंतर जर्नल निवडायचे, त्याचे लेखकांसाठीचे नियम वाचायचे, शब्दमर्यादा आणि संदर्भांची पद्धत पाळायची, संपादकाला पत्र लिहायचे. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचे. संपादकाला पटले नाही तर निबंध चार दिवसांत परत. पटले तर त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातो. ते बहुधा विनामोबदला वाचतात, खोचक प्रश्न विचारतात. एकेका शेऱ्याला उत्तर द्यावे लागते, कधी प्रयोग पुन्हा करावा लागतो. एवढे करून नकार आला तर दुसरे जर्नल, पुन्हा पहिल्यापासून मांडणी. यात वर्ष सहज जाते.

आता हे वर्ष कोणाकडून मागितले जाते ते पाहा. एमडी-एमएस करणारा निवासी डॉक्टर सकाळी ओपीडी पाहतो, रात्री कॅज्युअल्टी, मध्येच शवविच्छेदनाचे कागद. कित्येक वर्षे आपल्याकडे नियम असा होता की अंतिम परीक्षेला बसण्यासाठी त्याच्याकडे एक पोस्टर, परिषदेत वाचलेला एक निबंध आणि एक पेपर हवा: छापलेला, स्वीकारलेला किंवा निदान पाठवलेला. ‘पाठवलेला’ हा शब्द पुन्हा वाचा. काय पाठवले, कोणाला पाठवले, त्यात काही अर्थ होता का, हे विचारायची गरजच नव्हती. पावती पुरे. पुढे अध्यापक झालात की बढतीसाठी पेपरांची संख्या. कोणत्या प्रकारचा पेपर मोजायचा, नाव कितवे असेल तर चालेल, यावर परिपत्रके निघाली, बदलली, पुन्हा निघाली. त्या सगळ्या परिपत्रकांनी पेपर मोजला. तो वाचायची सोय एकाही परिपत्रकाने केलेली मला दिसली नाही.

जिथे अशी सक्ती असते तिथे दुकान उघडणारच. ‘आदरणीय डॉक्टर, आपल्या मौल्यवान लेखनाची आम्ही वाट पाहत आहोत’ अशा ईमेल माझ्याकडेही येतात. मी फिजिशियन, मला मत्स्यशेतीच्या जर्नलचेही आमंत्रण आले आहे. आठवड्यात स्वीकृती, मग फी. निवासी डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तयार पेपरातल्या जागा विकायला असतात. पहिल्या नावाचा भाव वेगळा, तिसऱ्याचा वेगळा. लग्नाच्या हॉलच्या तारखा विकाव्यात तसे.

हे माझे एकट्याचे कुरकुरणे नाही. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ‘सायन्स’ मासिकासाठी एक बनावट निबंध रचला. दगडफुलासारख्या लायकेनमधल्या रसायनाने कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असा त्यात दावा होता. चूक मुद्दाम ढळढळीत ठेवली होती: औषध अल्कोहोलमध्ये विरघळवून दिले होते आणि तुलनेच्या पेशींना अल्कोहोल दिलेच नव्हते. म्हणजे पेशी औषधाने मेल्या की अल्कोहोलने, हे कळायला मार्गच नाही. बारावी सायन्सच्या मुलालाही हे दिसावे. लेखकांची नावे आणि संस्था खोट्या. ३०४ जर्नलांना तो पाठवला गेला. अहवाल छापून येईपर्यंत १५७ जर्नलांनी स्वीकारला होता आणि ९८ जणांनी नाकारला होता. स्वीकारणाऱ्यांत भारतातून चालणारी पुष्कळ होती.

२०१७ मध्ये दुसऱ्या एकाने पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या जागी ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातले काल्पनिक ‘मिडीक्लोरियन’ घालून जीवशास्त्राचा निबंध पाठवला. तोही छापला गेला, एकाहून जास्त ठिकाणी. आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीला पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला. तिथल्या व्यापार आयोगाची तक्रार अशी होती की तपासणीचे आश्वासन खोटे, फी आधी सांगायची नाही आणि लेखकाने निबंध परत मागितला तर द्यायचा नाही.

इथे कोणी म्हणेल, मोठ्या जर्नलांतही चुका होतातच की. होतात. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर ९६ हजार कोविड रुग्णांचा अभ्यास आला. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवल्याचे जाहीर केले. मूळ माहिती दाखवा म्हटल्यावर ती पुरवणाऱ्या कंपनीने नकार दिला आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. पण दोन आठवड्यांत हे उघडकीस आले, कारण तो निबंध हजारो लोकांनी वाचला होता. सक्तीने लिहिलेला पेपर कोणी वाचतच नाही, त्यामुळे त्यातली चूक पकडली जात नाही. तो पडून राहतो. मग कोणीतरी आधीच्या सगळ्या अभ्यासांचा गोषवारा काढायला बसतो, आणि गाळणी नीट लावली नाही तर हे आकडेही त्यात मिसळतात. गोषवाऱ्यातून उपचाराची शिफारस होते. तिथून प्रिस्क्रिप्शन, तिथून तुमच्या आईची गोळी.

दुसरा आक्षेप आमच्या वरिष्ठांचा असतो: सक्ती काढली तर तरुण डॉक्टर संशोधन करणारच नाहीत. न करू देत! मन लावून पेशंट तपासणारा, विद्यार्थ्यांना पोट तपासायला शिकवणारा अध्यापक काही कमी शिकवत नाही. शिवाय निवासी डॉक्टरांना प्रबंध लिहावाच लागतो. प्रश्न विचारायची, नोंदी ठेवायची, आकडे तपासायची सवय तिथे लावता येते, मार्गदर्शकाने तो प्रबंध खरोखर वाचला तर. आणि सक्ती काढता येते हे दिसले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापण्याची अट काढून टाकली. त्यामुळे पीएचडी बंद पडल्या नाहीत.

ज्यांना संशोधन करायचेच आहे त्यांना आठवड्यातला एक दिवस ओपीडीतून मोकळा द्या, कॉलेजात एक पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ नेमा. बढतीच्या मुलाखतीत पेपरांची यादी मागूच नका. उमेदवाराने आपला एकच पेपर आणावा, सोबत मूळ नोंदवही आणावी. समितीने तो आदल्या दिवशी वाचावा आणि वीस मिनिटे विचारावे: हा प्रश्न का निवडला, तुलनेचा गट कसा ठरवला, किती पेशंट मध्येच सोडून गेले आणि त्यांचे पुढे काय झाले? ज्याने काम केले आहे त्याला हे सगळे तोंडपाठ असते. ज्याने तिसरी जागा विकत घेतली आहे त्याला पहिल्या प्रश्नालाच पाणी प्यावेसे वाटेल.

तोवर प्रिंट घेऊन येणाऱ्या पेशंटसाठी माझ्या टेबलावर दोन प्रश्न असतात. अभ्यास माणसांवर झाला की बशीतल्या पेशींवर? आणि तुलनेला दुसरा गट होता का? बहुतेक कागद इथेच अडतात. लोकांना हे पटकन कळते, असा माझा अनुभव आहे. परवा एका आजोबांनी तिसरा प्रश्न स्वतःहूनच विचारला, ‘‘आणि छापायचे पैसे कोणी दिले?’’