खारकेचे गाव कोणते?

रमजानचा चांद दिसला की गावोगावच्या बाजारात खजुराचे खोके रचले जातात आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा भाव विचारते. दुकानदार म्हणतो, "मालच महाग आला." तो का महाग आला याचे थोडे उत्तर बागेत असते आणि बरेचसे उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात, कस्टमच्या कागदपत्रांत. खारकेच्या बाबतीत तर ते जवळपास सगळेच कागदात आहे.

मऊ खजूर इराण, इराक, सौदी अरेबिया, अमिरात अशा अनेक देशांतून येतो. एकीकडे अडले तर व्यापारी दुसरीकडे वळतो. वाळलेल्या खारकेचे तसे नाही. ती वर्षानुवर्षे प्रामुख्याने पाकिस्तानातल्या सिंधमधून, खैरपूर-सक्करच्या पट्ट्यातून, वाघा-अटारीमार्गे ट्रकने येत असे. ईदच्या शीरखुर्म्यात ती पडते, तशीच ओटी भरताना हळकुंड-सुपारीबरोबर ठेवली जाते आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात कुटून घातली जाते. तिचा भाव वाढला की झळ मोहल्ल्यालाही लागते आणि आळीलाही.

पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी 2019 मध्ये भारताने पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर 200 टक्के सीमाशुल्क लावले. शंभर रुपयांच्या खारकेवर दोनशे रुपये कर! सरळ मार्गाने धंदा करणे त्या दिवसापासून अवघड झाले. मग एप्रिल 2025 मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि 2 मे रोजी उरलेली फटही बुजली. पाकिस्तानात तयार झालेला किंवा तिथून निघालेला कोणताही माल, थेट असो वा तिसऱ्या देशातून, भारतात आणण्यावर बंदी आली.

आपल्याकडे खारीक पिकत नाही का, असे कोणी विचारील. कच्छमध्ये खजुराच्या मोठ्या बागा आहेत, तिथल्या 'कच्छी खारेक'ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती नावापुरतीच खारीक. फळ झाडावर पिकून वाळायच्या आतच पावसाळा गाठतो, म्हणून जून-जुलैत पिवळी-लाल, करकरीत असतानाच ते उतरवून ताजे विकावे लागते. सिंधची जागा कच्छ इतक्यात घेईल असे दिसत नाही.

मागणी तशीच राहिली, वाट बंद झाली. अशा वेळी जे होते तेच झाले. जून 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट' या मोहिमेत न्हावा-शेवा बंदरात 39 कंटेनर पकडले. 1,115 टन माल, किंमत सुमारे 9 कोटी रुपये, आणि त्यात खारीक होती. कागदावर माल अमिरातीचा होता. प्रत्यक्षात तो कराचीहून दुबईच्या जेबेल अली बंदरात गेला, तिथे कंटेनर आणि जहाज बदलले आणि नवा जन्मदाखला घेऊन इकडे आला.

कायद्यात याबाबत संदिग्धता नाही. शेतमाल ज्या मातीत पिकला त्या देशाचा. दुबईत गोण्या बदलल्या, निवडटिपण केली, नवे खोके केले म्हणून खारीक अमिरातीची होत नाही. शिवाय बंदी असलेला माल सापडला की नेहमीसारखा दंड भरून तो सोडवून घेण्याचा हक्कही आयातदाराला राहत नाही. तशी मुभा द्यायची की नाही, हे अधिकारी ठरवतो.

मात्र लबाडाने केलेल्या उद्योगाची किंमत सरळ व्यापारीही मोजतो. अमिरातीहून खरोखर तिथलाच खजूर मागवणाऱ्याकडेही आता बारकाईने पाहिले जाणार, हे उघड आहे. व्यापार करारातली करसवलत मागायची तर 21 सप्टेंबर 2020 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे नुसते मूळ देशाचे प्रमाणपत्र पुरत नाही. माल तिथलाच आहे याची माहिती आयातदाराने स्वतः जवळ बाळगायची आणि ती पाच वर्षे सांभाळायची. मोठ्या कंपनीचा माणूस तिकडे बागेत जाऊन येतो. मशीद बंदरच्या बाजारात वर्षाला दोन-चार कंटेनर आणणाऱ्याचा सारा भरवसा मात्र तिकडच्या दलालाच्या शब्दावर.

त्यात इतर खात्यांचे सोपस्कार आहेतच. रोपसंरक्षण खात्याला कीड नसल्याचा दाखला हवा, अन्नसुरक्षा प्राधिकरणाला नमुने. डबाबंद मालाची मुदत निदान 60 टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी तेवढी शिल्लक हवी. आयातदाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक छापायचा राहिला तर गोदामात चिकटपट्टी लावून भागते, हा शहाणपणाचा नियम. पण तपासणी लांबली की बंदराचे भाडे आणि कंटेनरचे भाडे दोन्ही दिवसागणिक चढते. जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरले नाही, तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये विलंब आकार वेगळाच.

यंत्राचे सुटे भाग महिनाभर अडकले तर नुकसान होते, पण माल उरतो. शाबानमध्ये गोदीत अडकलेला खजूर शव्वालमध्ये सुटला तर त्याला विचारतो कोण? इफ्तारची मागणी संपलेली असते. बाजार हे जाणून असतो, म्हणून अडकण्याची जोखीम तो आधीच भावात धरतो. गिऱ्हाईक जे जास्तीचे पैसे देते, त्यातले काही या भीतीचे असतात.

कराचा भार उलट थोडा हलका झाला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून खजूर-खारकेवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. समजा, शंभर रुपयांच्या मालावर 20 टक्के सीमाशुल्क आणि त्यावर 10 टक्के अधिभार धरला, तर पूर्वी करासह किंमत 136 रुपये 64 पैसे होई, आता 128 रुपये 10 पैसे होते. हे साडेआठ रुपये गिऱ्हाइकापर्यंत पोचले का, हे दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

तपासणी सैल करा, असे कोणी म्हणू नये. मूळ देश लपवणाऱ्याला सूट दिली तर सरळ मार्गाने महाग माल आणणारा आधी बुडेल. करता येण्यासारखे आहे ते वेळेचे. माल येण्याच्या 30 दिवस आधी बिल ऑफ एंट्री दाखल करायला कायद्याची परवानगी आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हेही कोणाला नवे नाही. मूळ देशाच्या कागदांची छाननी त्याच महिन्यात आटोपली, तर खरा माल गोदीत पडून राहणार नाही आणि खोटा धक्क्यालाच ओळखता येईल. त्यासाठी व्यापाऱ्यांच्या संघटनांनीही छोट्या आयातदारांना कागद जुळवायला मदत करायला हवी. एरवी या संघटना कर कमी करा एवढेच निवेदन देतात.

परदेशी मालाच्या पाकिटावर मूळ देशाचे नाव छापणे बंधनकारक आहे. खारीक मात्र अजून बहुतेक ठिकाणी गोणीतून, किलोवर, सुटीच विकली जाते.