खालाची खानावळ आणि मागचं दार

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या थोरल्या लेकीने कॉलेजच्या लायब्ररीतून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. नाव भलं मोठं, 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे'. लेखिका फॅनी फ्लॅग. आम्ही पडलो उर्दू-मराठीचे मास्तर, इंग्रजी पानं आमच्याच्याने भराभर उलटत नाहीत. म्हणून ठरलं असं, की रात्री दस्तरखान उचलला की लेकीने त्या दिवशी वाचलेलं आम्हाला मराठीत सांगायचं. काही प्रसंग चारचौघांत सांगण्याजोगे नाहीत, ते तिने शहाणपणाने गाळले. आमच्या अम्मीजान पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हिरवे टोमॅटो तळून खातात? आपण तर शेंगदाणे घालून चटणी करतो." एवढ्यावर अमेरिका आमच्या घरात आली.

कादंबरी १९८७ ची. १९९१ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. गोष्ट आहे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातली. रेल्वे रुळांच्या कडेला एक लहानसं गाव आणि त्यात एक हॉटेल. हॉटेल म्हणजे आपल्याकडे एस.टी. स्टँडसमोर असतं तसं, चार टेबलं आणि गरम जेवण. इजी आणि रूथ नावाच्या दोघीजणी ते चालवतात. इजीला मुलींसारखं वागणं कधी जमलंच नाही. रूथ नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेली, पदरात मूल. मंदीचे दिवस, लोकांना काम नाही. मालगाडीतून फुकट प्रवास करणारे भटके रुळांवर उतरतात आणि या हॉटेलात पोट भरतात. त्यातलाच एक, हात सतत थरथरणारा, तिथलाच होऊन जातो. ज्यांना कुठे बसायला जागा नाही, अशांची तिथे पंगत जमते.

ही गोष्ट आपल्याला कळते ती एका वृद्धाश्रमात. एव्हलिन नावाची मध्यमवयाची बाई सासूला भेटायला येते. सासू तिला बोलू देत नाही. बाहेरच्या खोलीत एक म्हातारी भेटते आणि त्या जुन्या हॉटेलाच्या गोष्टी सांगू लागते. एव्हलिन दर आठवड्याला तिच्यासाठी काहीतरी खायला नेते आणि गोष्ट ऐकते. ऐकता ऐकता तिचं स्वतःचं कोमेजलेलं मन उभारी धरतं. हॉटेल केव्हाच बंद पडलेलं असतं, पण त्याच्या आठवणीवरही एक बाई जगायला शिकते. हे हॉटेल अगदीच कल्पनेतलं नाही बरं का. अलाबामातल्याच आयर्नडेल गावात रुळांजवळ एक हॉटेल आहे. लेखिकेच्या नात्यातल्या एका आजीने ते चालवलं होतं, त्यावरून हे सुचलं.

आम्हाला गोष्ट फार आवडली. आम्ही लेकीला म्हणालो, "बेटा, ही तर आपल्या खालाची खानावळ!"

वाचकांना खाला माहीत नाहीत, म्हणून सांगतो. आम्ही राहतो महाळुंग्यात. मुळशी तालुक्यातलं मुळा नदीकाठचं हे गाव. एका अंगाला बालेवाडीचं क्रीडासंकुल, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं. दुसऱ्या अंगाला हिंजवडीचा रस्ता. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं. भाताची खाचरं होती तिथे आता उंच इमारती आहेत, आणि इमारती म्हटल्या की त्या बांधणारे, राखणारे आणि झाडणारे लोकही आले. ते नांदेडचे, धाराशिवचे, झारखंडचे, बंगालचे. त्यांची चूल गावाकडे आणि पोट इथे.

अशांसाठी खालांनी पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ काढली. खाला सोलापूरकडच्या. नवऱ्याने टाकलं, माहेरी भावजयीला जड झाल्या, तेव्हा एका पुतणीचा पत्ता घेऊन इकडे आल्या. सुरुवातीला आपल्याच लोकांतल्या काहींनी "एकट्या बाईने गडीमाणसांना जेवू घालायचं म्हणजे काय!" असं नाक मुरडलं. खालांनी भाकरी थापणं थांबवलं नाही. आज त्यांच्याकडे रात्रपाळीचा वॉचमन येतो, त्याला सगळे मामा म्हणतात. मुलांनी विचारणं सोडलेले एक रिटायर ड्रायव्हर येतात. रुग्णांच्या घरी जाऊन सेवा करणारी एक मुलगी येते. परीक्षा देऊन देऊन थकलेला एक पोरगा येतो. शाळा दुपारची असली की आम्हीही तिथेच जेवतो. कोणी आजारी पडलं तर खाला डबा पोचवतात आणि पैशांचं नंतर बघतात. आम्हाला अभिमान वाटायचा, की आपल्या गावात अशी जागा आहे आणि ती आपल्या एका बहिणीने उभी केली आहे.

लेक ऐकून गप्प राहिली. मग म्हणाली, "अब्बू, मग ते भाऊ बाहेर का जेवतात?"

"कोण भाऊ?"

"सोसायट्यांचे चेंबर साफ करणाऱ्या गाडीवर आहेत ते. तुम्ही आत बसता तेव्हा ते बाहेर दगडावर बसलेले असतात. तुम्हाला स्टीलचं ताट असतं, त्यांना कागदाचं. मी तीनदा तुमच्याबरोबर आले, तिन्ही वेळा पाहिलं."

आम्ही त्या खानावळीत दोन वर्षं जेवत होतो. तो माणूस आम्ही पाहिला नव्हता असं नाही. पाहिला होता, पण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं आमच्या मनात आलं नाही.

लेकीने मग कादंबरीतली आधी भरभर सांगितलेली एक गोष्ट पुन्हा नीट सांगितली. त्या हॉटेलात स्वयंपाक कोण करतं? सिप्सी आणि तिच्या घरची काळी माणसं. त्यांच्या हातची चव गावभर नावाजलेली. पण काळ्या गिऱ्हाइकांना समोरच्या दाराने येऊन टेबलावर बसता येत नाही. इजी त्यांना मागच्या दारातून जेवण देते. गावातल्या काही गोऱ्यांना तेवढंही खुपतं, तिला तशी समज दिली जाते. ती देणं थांबवत नाही, पण दार मात्र मागचंच राहतं. "म्हणजे अब्बू," लेक म्हणाली, "इतकं प्रेमळ हॉटेल, तरी त्याला मागचं दार होतंच."

हे सारं लेखिकेने मनचं लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांनी एका टेबलावर जेवू नये असे कायदेच होते. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी एका मोठ्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना काही दिलं गेलं नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, अधिक जणांना घेऊन आले. जुलैमध्ये त्या काउंटरवर काळ्या माणसांना जेवण मिळू लागलं. फक्त बसायला मिळावं, एवढ्यासाठी जवळजवळ सहा महिने.

आपल्याकडचा हिशोब याहून सोपा नाही. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनवर हिंदू पाणी वेगळं आणि मुस्लिम पाणी वेगळं मिळायचं, हे आपल्या आजोबांनी पाहिलेलं. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात तर दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून तिथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. इतक्या मोठ्या ग्रंथात हॉटेल कशाला आलं, असा प्रश्न आमचे विद्यार्थी विचारतात. घटना लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं, की माणसाला माणूस मानतात की नाही ते जेवायच्या जागी कळतं.

आमच्या कपाटात शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' आहे. कादंबरी नव्हे, आत्मकथन, १९८४ चं. त्या रात्री ते आम्ही पुन्हा काढलं. लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातले, म्हणजे आमच्या खालांच्याच मुलखातले. दलित आईच्या पोटी जन्मलेल्या आणि बापाचं नाव न मिळालेल्या या मुलाला कोणती जात आपलं म्हणणार? त्याला वाढवलं आजी संतामाईने आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या महमूद दस्तगीर जमादार या मुसलमान हमालाने. मुलगा त्याला दादा म्हणायचा. नातं रक्ताचं नव्हतं, धर्माचंही नव्हतं. भुकेच्या घरात तिघांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. आपल्या मराठी मुसलमान घरांत या दादाची ओळख व्हायला हवी, असं आम्हाला नेहमी वाटतं.

त्याच पुस्तकात चहाचं हॉटेलही आहे. गावातल्या त्या हॉटेलात दलितांसाठी कपबशी वेगळी. शिकू लागलेल्या शरणला ते सहन झालं नाही आणि त्याने पोलिसांकडे तक्रार केली. कायदा त्याच्या बाजूने होता, गाव नव्हतं. हे पुस्तक आम्ही तरुणपणी वाचलं होतं, डोळे पुसले होते, मुलांनाही सांगितलं होतं. आणि खालांच्या दारातलं कागदाचं ताट आम्हाला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमचं ताट उचललं आणि बाहेर भाऊंशेजारी दगडावर जाऊन बसलो. आम्हाला वाटलं, आपण काहीतरी चांगलं करतोय. भाऊ उठून उभे राहिले. म्हणाले, "सर, मला जेवायला अर्धा तास मिळतो. तुम्ही इथं बसलात की लोक बघणार, मला घास जाणार नाही. मग मला दुसरी जागा बघावी लागेल." आम्ही निमूट आत आलो. आमच्या चांगुलपणाचं ओझंही त्यांनीच उचलायचं, असा तो प्रकार झाला होता.

गर्दी ओसरल्यावर खालांशी बोललो. खाला दुखावल्या. "सर, मी त्याला कधी बाहेर बस म्हणाले नाही. तो आपणहून बसला."

"आत या, असं तरी कधी म्हणालात का, खाला?"

बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. "वास येतो म्हणून दोघं उठून गेले होते पहिल्या दिवशी. शेडचं भाडं मला भरायचंय. मला उठवलेलं मी विसरले नाही सर, पण पुन्हा उठायची ताकद नव्हती."

त्यांना दोष देणं आम्हाला जमलं नाही. दोन वर्षं डोळे मिटून जेवणाऱ्याने तो द्यावा तरी कसा? पण खालांनी जे केलं, ते आमच्या डोक्यातून निघालं नसतं. त्यांनी शेडबाहेर नळाखाली साबण आणि बादली ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, "हातपाय धुतल्याशिवाय आत कोणी यायचं नाही." सिमेंटचे हात, ऑइलचे हात, खडूचे हात, सगळे एका रांगेत. कागदाची ताटं त्यांनी बंद केली. बाक भिंतीपासून ओढून दारापर्यंत लांबवला. भाऊंना वेगळं बोलावणं नाही की भाषण नाही. सगळ्यांना एकच ताट आणि एकच बाक.

आठवडाभर भाऊ बाहेरच बसले, पण स्टीलच्या ताटात. दोन गिऱ्हाइकं यायची थांबली, ती अजून आलेली नाहीत. एका पावसाळी दुपारी भाऊ दारापाशी बाकाच्या टोकाला टेकले. सगळे आपापल्या ताटात बघत होते. वॉचमन मामांनी मान वर न करता हात पुढे केला आणि म्हणाले, "भाऊ, मीठ सरकवा जरा." भाऊंनी मीठ सरकवलं. खाला चुलीकडे तोंड करून भाकऱ्या शेकत राहिल्या.

इथे लेख संपवता आला असता. पण त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा फळीच्या कोपऱ्यात एक कप दिसला. कान तुटलेला, वेगळा ठेवलेला. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. तो तिथे कोणी ठेवला म्हणाल तर आम्हीच, घर लावताना. कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला पुण्यात भाड्याचं घर शोधताना नाव सांगितलं की दारं कशी लागतात, ते या घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. आणि त्याच घरात हा कप होता.

सकाळी मावशींना आमच्याच कपांतल्या एका कपात चहा दिला. त्यांनी कप फिरवून पाहिला आणि विचारलं, "माझा फुटला का?" आम्ही म्हणालो, "होय मावशी, फुटला."

वाचकहो, कादंबरी जरूर वाचा, मुलांना 'अक्करमाशी'ही वाचायला द्या. आणि पुस्तक मिटलं की एकदा आपल्या फळीच्या कोपऱ्यात बघा.