होडी लावायची कुठे?

नामपूरकर मंडळींनो, आपली मोसम उन्हाळ्यात आटते, होडीचा प्रश्न आपल्याला कुठला? पण निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वरला तो आहे. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले; रामसर यादीत आलेले राज्यातले पहिले ठिकाण तेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बाहेरच्याला तिथे शिरायलाच परवानगी लागते, होडी लोटणे दूरच.

कारणही आहे. काठच्या पाणगवतात पाणकोंबडी अंडी घालते. होडी रेटून आत घातली, नांगर टाकला, की घरटे गेलेच. (नांगर म्हटला की मुळे उपटणारच, हे तुम्हाला काय सांगायचे!)

पण पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्याने होडी बांधायची कुठे? नुसत्या पाट्यांनी भागत नाही. वन खात्याने सरपंच आणि भोई मंडळींना सोबत घेऊन गवत नसलेला काठ खुंट्या ठोकून नेमून द्यावा, आणि तो दंडाची पावती फाडण्याआधी द्यावा.