कसोटी कोणत्या गुग्गुळाची?

मधुमेही रुग्णाचा लिपिड प्रोफाइल बिघडलेला दिसला की आपल्यापैकी बहुतेकांचा हात गुग्गुळाच्या कल्पांकडे वळतो. त्यास आधार आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या विवेचनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर प्रयोग केले व १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यातून ‘गुगुलिपिड’ हा अर्क सिद्ध झाला आणि आयुर्वेदाचा विजय म्हणून आपण तो मिरवला.

२००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणी ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ व्यक्तींवरील या आठ आठवड्यांच्या चाचणीत गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल ४ ते ५ टक्क्यांनी वाढले; निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांचे ५ टक्क्यांनी घटले. काहींच्या अंगावर पुरळ उठले. यावर आपले उत्तर तयार असते : तो अर्क होता, आपला शोधित गुग्गुळ नव्हे. उत्तर योग्यच आहे. मात्र त्याच न्यायाने गुगुलिपिडचे यशही आपल्या वटीच्या खाती जमा करता येणार नाही.

नवा गुग्गुळ बृंहण करतो, जुना लेखन करतो, असे आपले ग्रंथ सांगतात. मेदासाठी कोणता हवा, हे वैद्यांस सांगणे नलगे. परंतु परीक्षणासाठी घेतलेला निर्यास किती जुना, त्याचे शोधन त्रिफळा क्वाथात झाले की गोमूत्रात, की झालेच नाही, याची नोंद शोधनिबंधांत क्वचितच आढळते. आणि खरे बोलायचे तर आपल्या फार्मसीच्या खरेदीवहीत तरी ती असते काय?

दुसरा प्रश्न प्राण्यांवरील प्रयोगांचा. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून मधुमेही केलेल्या उंदरांत इन्सुलिनच्या अभावामुळेच रक्तातील मेद वाढतो. साखर उतरली की ट्रायग्लिसराइडही उतरते. तेव्हा असा घटलेला आकडा वनस्पतीच्या मेदोहर गुणाचा पुरावा ठरत नाही. चिकित्सालयातही हेच घडते : मेटफॉर्मिन व पथ्य यांनी साखर आटोक्यात येते आणि श्रेय आपली वटी घेऊन जाते. आमच्या मते साखर स्थिरावल्यावर, बारा तासांच्या उपवासानंतर केलेली तपासणी हीच आरंभीची नोंद मानावी आणि त्यानंतर कल्प सुरू करावा. तुलनेसाठी कल्प न घेणारा गट हवाच. प्रतिकूल निष्कर्षही या पत्रिकेत छापले जावेत.

औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर शोधित चूर्ण आहे की अर्क, अर्क असल्यास कोणत्या द्रवात काढलेला, हे स्पष्ट लिहावे. प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण गुगुलिपिडमुळे घटल्याचे नोंदले गेले आहे. मधुमेहासोबत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे रुग्ण आपल्याकडे रोज येतात. त्यांच्या चालू औषधांची चिठ्ठी पाहिल्यावाचून गुग्गुळ देऊ नये, आणि स्टॅटिन तर परस्पर बंद करूच नये.