संगणक-कट्टा : यंत्र भाड्याचे, मालक अनोळखी

२० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, उत्तर व्हर्जिनियातल्या अॅमेझॉनच्या संगणक-केंद्रांत नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था बिघडली आणि इथून तिथून सगळीकडे 'अहो, हे उघडत का नाही?' सुरू झाले. व्हेन्मोवरून पैसे जाईनात, स्नॅपचॅट बंद. तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न वारंवार येतो. एकाच बड्या दुकानदाराच्या दारात बसण्यापेक्षा ते 'विकेंद्रित क्लाऊड' का काय म्हणतात, तिकडे आपल्या मंडळाने आपले सामान का हलवू नये? शिवाय ते स्वस्त असते म्हणे! 'स्वस्त' हा शब्द पत्रात बहुतेक वेळा अधोरेखित असतो. मराठी माणूस, दुसरे काय!

उत्तर देण्याआधी थोडी पूर्वपीठिका. या धंद्यातल्या मंडळींनी हा परिच्छेद सोडून द्यावा, बाकीच्यांनी चहा घेऊन बसावे. २६ एप्रिल १९५६ ला आपल्या न्यूअर्क बंदरातून 'आयडियल एक्स' नावाचे जहाज ह्यूस्टनला निघाले, त्यावर ५८ पेट्या होत्या. माल सुटा न चढवता पेटीसकट चढवायचा, ही मॅल्कम मॅक्लीन यांची युक्ती. पेटीत केळी आहेत की कपडे, याच्याशी क्रेनवाल्याला देणेघेणे नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी नेमके हेच उचलले. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सटरफटर एका पेटीत बंद करायचे, म्हणजे ती पेटी कुठल्याही यंत्रावर ठेवली तरी चालते. २०१३ साली आलेल्या डॉकरने ही पद्धत घरोघरी पोचवली.

पेट्या शेकड्याने झाल्या की त्यांच्यावर मुकादम लागतो. गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला कुबर्नेटीस हा तो मुकादम. ग्रीक भाषेत नावाचा अर्थ सुकाणू धरणारा. त्याची रीत आपल्या पंगतीसारखी आहे. तुम्ही एकदाच सांगायचे, 'भाताला चार वाढपी हवेत.' एखादा वाढपी पाय मोडून बसला, की मुकादम कुणाला न विचारता दुसरा उभा करतो. दर थोड्या वेळाने तो मोजत असतो : सांगितले किती, आहेत किती? फरक दिसला की भरून काढायचा. यंत्रांच्या अशा जथ्याला क्लस्टर म्हणतात.

आता विकेंद्रित प्रकरण. आम्ही उदाहरणाला 'आकाश' घेतो. नाव आपले, खरोखरचे आकाश! याचे जाळे सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाले. इथे मालक एक नाही. ज्याच्याकडे यंत्रे रिकामी पडली आहेत तो आपला कुबर्नेटीसचा क्लस्टर उभारून बाजारात बसतो. तुम्ही एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मागणी लिहायची : पेटी कुठली, प्रोसेसर किती, मेमरी किती, डिस्क किती, अशा किती प्रती, आणि जास्तीत जास्त भाडे किती देणार. मग उलटा लिलाव होतो. मालक आपापले दर लावतात, तुम्ही एक निवडता, भाडेकरार होतो. करार ब्लॉकचेनवर नोंदला जातो, पण पेटीचा तपशील थेट त्या मालकाकडे जातो. भाडे तुम्ही ठेवलेल्या अनामत रकमेतून थेंबाथेंबाने वळते होते. डिपॉझिटसाठी भांडायला नको, हे मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्यांना विशेष आवडेल.

इथपर्यंत छान. पण पत्रे लिहिणाऱ्यांच्या मनात एक गैरसमज घट्ट बसलेला दिसतो, की विकेंद्रित म्हणजे आपोआप न पडणारे. तसे नाही हो! मुकादम दुसरा वाढपी उभा करतो तो त्याच मांडवातला. मांडवच वाऱ्याने उडाला, म्हणजे त्या मालकाचे केंद्रच बंद पडले, तर तुमची पेटी स्वतःहून उठून शेजारच्या मांडवात जात नाही. नवी मागणी, नवा लिलाव, नवा करार, आणि तुमच्या वेबसाइटचा पत्ता तिकडे वळवणे, हे सगळे तुम्हालाच करावे लागते. खरी खबरदारी घ्यायची तर पहिल्यापासून दोन मालकांकडे दोन पेट्या ठेवायच्या. मग 'स्वस्त' या शब्दाखालची रेघ थोडी पुसट होते. 

सांभाळण्यातही खोचा आहेत. पेटीला 'लेटेस्ट' अशी मोघम चिठ्ठी लावू नये. मालकाकडे जुनी प्रत साठवलेली असते, तो तीच चालवतो आणि तुम्ही दुरुस्ती का दिसत नाही म्हणून रात्र जागवता. चिठ्ठीवर ठाम आकडा हवा. चालू करारात पेटी बदलता येते, पण प्रोसेसर, मेमरी, डिस्क वाढवता येत नाही. त्यासाठी पुन्हा लिलावाला उभे राहायचे.

आणि आता मंडळाच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट. अनामत संपली की करार संपतो, आणि करार संपला की त्या यंत्रावर ठेवलेली डिस्कही जाते. नोटीस, विनंती, 'साहेब, दोन दिवस थांबा' काही नाही. अनामत भरण्याची किल्ली म्हणजे ओळीने लिहिलेले काही इंग्रजी शब्द, बहुधा बारा किंवा चोवीस. ते हरवले तर फोन करून विचारायला कुणी नाही. आपल्याकडे कार्यकारिणी बदलते, खजिनदार बदलतात, आणि हस्तांतर म्हणजे पार्किंग लॉटमध्ये दिलेला एक पुठ्ठ्याचा खोका. त्या खोक्यात ते चोवीस शब्द सापडतील याची हमी कोण घेणार?

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सभासदांची यादी, पत्ते, वर्गणीचा हिशेब अनोळखी मालकाच्या यंत्रावर जाऊ नये. यंत्र ज्याचे, त्याला मनात आणले तर आत डोकावता येते. काही मालकांची तपासणी करून तसा शेरा देणारे तपासनीस या बाजारात आहेत, मागणीत तशी अटही घालता येते, पण शेरा म्हणजे कुलूप नव्हे. गणेशोत्सवाच्या तिकिटांच्या आठवड्यात गर्दी होते ते माहितीचे पान मात्र खुशाल ठेवावे. पडले तर पुन्हा उभे करता येते, गमावण्यासारखे त्यात काही नसते.

खरा उपयोग आम्हाला दुसरीकडे दिसतो. आपल्या संस्थापक पिढीच्या मुलाखतींच्या कॅसेट. एक सुटकेस घेऊन आलेली ती माणसे, त्यांतली बरीच आता नाहीत. २०२२ मध्ये ओपनएआयने खुला केलेला 'व्हिस्पर' नावाचा प्रोग्रॅम ऐकलेले बोलणे लिहून काढतो. त्याला मराठीही येते, पण नंतर कान देऊन तपासणारा मराठी माणूस लागतोच. हे काम भारी ग्राफिक्स प्रोसेसरवर भरभर होते, ते विकत घ्यायला महाग, आणि आकाशच्या बाजारात २०२३ पासून तेही भाड्याने मिळू लागले. काही तासांचे काम, काम झाले की करार बंद. मात्र प्रत पाठवायची ती ज्या मुलाखतींना घरच्यांनी होकार दिला असेल त्यांचीच. घरच्या भांडणांच्या, पैशांच्या गोष्टीही त्या कॅसेटमध्ये आहेत.

काही उत्साही वाचकांना बेसमेंटमधले यंत्र भाड्याने देऊन डॉलर मिळवायचे आहेत. त्यासाठी कायमचा सार्वजनिक पत्ता, स्वतःचे डोमेन नाव, क्लस्टर चालवण्याचे ज्ञान आणि चोवीस तास वीज व इंटरनेट हवे. एच-वन व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा. विजेचे बिलही एकदा पाहून घ्या.

कॅसेटचे काम सुरू करायला आम्ही दोघेतिघे तयार आहोत. आधी मूळ आवाज घरीच उतरवून दोन वेगवेगळ्या घरी दोन डिस्कवर ठेवायचा आहे, भाड्याचे यंत्र त्यानंतर. अडलेय ते एवढ्यावरच : ज्यांच्याकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक असेल त्यांनी कृपया पुढच्या अंकापूर्वी संपादकांना कळवावे. पट्टा तुटलेला असला तरी चालेल, बदलून घेऊ.